पुडीकाका आणि शेवटचा बाक

दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीमागे पुडीकाका एकतीस वर्षं बसताहेत. एवढ्या वर्षांत आपल्या हातून गेलेली एकही गोळी चुकीच्या वेळी कुणाच्या पोटात गेलेली नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. म्हणणं त्यांचं स्वतःचंच असल्यामुळे त्याला तसा पुरावा नाही. पण तक्रार घेऊन आजवर कुणी खिडकीवर आलेलं नाही, आणि पुडीकाकांच्या मते हाच मोठा पुरावा. येण्याजोगे उरले नसतील ते कसे येतील, असं काकू म्हणतात. काकू म्हणजे त्यांची बायको. नवऱ्याचा कुठलाही अभिमान ती अर्ध्या वाक्यात जमिनीवर आणते.

खिडकीवरचं काम मात्र खरंच बघण्यासारखं. डॉक्टर कागदावर जे काही ओढतात त्याला अक्षर म्हणायचा प्रघात आहे. ते अक्षर देवाला आणि पुडीकाकांनाच कळतं, आणि देव काही खिडकीवर बसत नाही. काका चिठ्ठी चष्म्याला टेकवतात, गोळ्या मोजतात, कागदी पुडीत घालतात आणि पुडीवर गोल, शाळकरी अक्षरात लिहितात : ‘ही सकाळी. काहीतरी खाऊन. नुसता चहा म्हणजे खाणं नव्हे.’ दुसरीवर : ‘ही झोपताना, टीव्ही बंद केल्यावर. टीव्ही बंद होत नसेल तर दहा वाजता.’ तिसरीवर : ‘ही कडू लागेल. घाबरू नका, कडूच आहे.’ ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूर्य, ताट आणि उशी अशी चित्रं. उशी पहिल्यांदा काढली तेव्हा एका आजींनी विचारलं होतं, “काय रे, ही वीट डोक्याखाली घ्यायची की पोटावर ठेवायची?” तेव्हापासून काका उशीवर एक डोकंही काढतात, आणि डोक्याला मिटलेले डोळे.

“समोरच्याला कळलं नाही, तर चूक सांगणाऱ्याची,” हे त्यांचं तत्त्व. नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक डॉक्टरला ते पहिल्याच आठवड्यात, न विचारता, ऐकवलं जातं.

आता गंमत अशी, की हाच माणूस रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून प्रार्थनाघरात जायचा आणि तिथे पाऊल टाकल्याबरोबर बाहेरच्या कुणाला एक अक्षर कळणार नाही अशी भाषा बोलायला लागायचा.

प्रार्थनाघर दवाखान्यापासून सात मिनिटांवर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या बोळात. बैठी इमारत, निळं दोन कवाडांचं दार, आत लाकडी बाकांच्या दोन रांगा, दीडशे माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. माणसं साधी, मायाळू, एकमेकांच्या आजारपणात धावून जाणारी. पण चार पिढ्या एकत्र मुरलेली, त्यामुळे त्यांची बोली त्यांच्यापुरती झाली होती. प्रार्थनेतली शांतता म्हणजे ‘विहीर’. “आज विहीर छान खोल होती हो,” असं म्हणत मंडळी बाहेर पडत. एखादा रविवार चुकला तर तो ‘कोरडा आठवडा’. ओळीने चार चुकले तर माणूसच कोरडा. आणि शेवटी जो चहा होतो, त्याला ‘तिसरी प्रार्थना’ म्हणतात. या एकाच प्रार्थनेला आजवर कुणी गैरहजर राहिलेलं नाही.

पुडीकाका इथले दारकरी. म्हणजे दारावर उभं राहायचं, येणाऱ्याला “या” म्हणायचं, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, रडणाऱ्या पोरांच्या आयांना बाहेरची सावली दाखवायची. सव्वीस वर्षं हे काम त्यांच्याकडे होतं आणि खिडकीइतकाच त्यांना त्याचा अभिमान होता. त्यात सगळ्यांत मोठा मान ‘उंबऱ्या’चा. घरात मूल जन्मलं, की शंभर दिवसांच्या आत ते प्रार्थनाघरात आणायचं, आणि आईच्या हातून घेऊन दारकऱ्याने त्याला उंबऱ्यावरून आत न्यायचं. काकांनी अशी सत्तावन्न मुलं आत नेली होती. पहिली त्यांची स्वतःची लेक. अठ्ठावन्नावी त्या लेकीची लेक असणार, हे त्यांनी मनात केव्हाच लिहून ठेवलं होतं.

आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा लेक त्याला लस टोचून घ्यायला दवाखान्यात आली आणि तिथून खिडकीवर. बाळाने रडून रडून नाक लाल केलेलं. काकांनी पुडी बनवून दिली : ‘ताप आला तरच. नाही आला तर नाही.’

“वाचता येतं मला, बाबा,” लेक म्हणाली.

“असू दे. बरं, उंबरा कधी करायचा? चाळीस दिवस उरलेत.”

लेकीने बाळाचं टोपडं उगाच सारखं केलं. “बाबा, ते नको म्हणतात.”

ते म्हणजे जावई. जावई लिफ्ट दुरुस्त करतात. बंद पडलेली लिफ्ट, अडकलेली माणसं, चार जिल्ह्यांच्या इमारती, असं त्यांचं काम. माणूस सरळ, कमी बोलणारा, हाताला कायम ग्रीसचा वास. प्रार्थनाघराशी त्यांचा संबंध नव्हता; त्यांच्या घरी देवाशी कुणाचं भांडण नव्हतं आणि फारशी ओळखही नव्हती. लग्नाच्या वेळी प्रार्थनाघरातल्या दोघाचौघांनी नाकं मुरडली होती. तरी लग्नानंतर, बायकोच्या शब्दाखातर, जावई एका रविवारी आले होते. एकदाच.

“अजून तेच धरून बसलेत का?” काकांचा आवाज चढला. मागे रांगेत उभे असलेले चौघे कान टवकारून पुढे सरकले.

“ते म्हणाले, जिथून मला उठवलं, तिथे माझ्या मुलीला न्यायचं नाही.”

“कुणी उठवलं? अगं, प्रार्थना चालली होती! त्यांच्यासारख्यांसाठीच चालली होती!”

“हे त्यांना कसं कळणार, बाबा?” लेकीने पुडी पर्समध्ये टाकली. “पुडीवर लिहिलं होतं का?”

आणि ती निघून गेली. काकांनी पुढच्या माणसाला खोकल्याच्या औषधाऐवजी त्याचीच चिठ्ठी परत दिली.

त्या रविवारी झालं होतं ते असं. प्रार्थनेच्या मधोमध बाई टेबलावर दोन टिचक्या मारतात. बाई म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या निवृत्त भूगोल शिक्षिका. वय चौऱ्याहत्तर, पण टिचकी अजून वर्गातली. टिचक्या मारून त्या एवढंच म्हणतात, “आता मागचं.” त्यासरशी सगळी मंडळी उभी राहते, पाठमोरी वळते, दाराकडे तोंड करते, डोळे मिटून दोन्ही हात पुढे उघडते. निळं दार सताड उघडलं जातं. जे आत नाहीत, जे रस्त्यावर आहेत, ज्यांना कुणी बोलावलेलं नाही, त्या सगळ्यांसाठी ही प्रार्थना. पणजोबांच्या वेळेपासून चालत आलेली. सगळ्यांची लाडकी. नवी माणसं यावीत म्हणून याहून कळवळून काय मागायचं?

फक्त, नवा माणूस कुठे बसतो? शेवटच्या बाकावर, दाराजवळ. जावईही तिथेच बसले होते. लेक पुढे, गाणाऱ्यांत. जावई बिचारे समोर बघत होते, विहीर म्हणजे काय असेल याचा विचार करत होते, आणि अचानक टक टक. दीडशे माणसं एकदम उभी राहिली आणि वळून त्यांच्याकडे तोंड करून थांबली. मागे धाडकन दार उघडलं. सगळे हात त्यांच्या दिशेने. कुणी एक शब्द बोलेना.

लग्नातली मुरडलेली नाकं त्यांना आठवली असणार. “बरं, बरं. जातो,” असं हळूच म्हणून ते उठले आणि चालायला लागले. आणि कुणालाच ते दिसलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे मिटलेले! प्रार्थना संपून डोळे उघडले तेव्हा बाक रिकामा होता. लेक धावत बाहेर गेली, ती त्यानंतर परत आलीच नाही. आठ महिने. कोरडे आठवडे मोजायचं काकांनी सोडून दिलं होतं.

“मीच त्यांना आधी सांगायला हवं होतं,” लेक तेव्हा रडत म्हणाली होती. “पण मला आठवलंच नाही, की यात सांगण्यासारखं काही आहे.”

काकांचंही तेच मत होतं. यात सांगायचं काय?

पुडीचा टोमणा मात्र रुतून बसला. संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी तो काकूंना सांगितला, थोडा बदलून, स्वतःची बाजू जरा वर ठेवून. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

“एक विचारू? ‘मागचं’ चालतं तेव्हा आत कसं दिसतं हो?”

“कसं म्हणजे? सगळे…” काका थांबले.

ते कधी आत नसायचेच. दाराचं उजवं कवाड आपोआप मिटतं. वर बसवलेला दांडा त्याला ओढून घेतो. त्यामुळे ‘मागचं’ सुरू झालं, की दारकऱ्याने बाहेर जाऊन कवाड पाठीने रेटून धरायचं, हा नियम. सव्वीस वर्षं पुडीकाका ती प्रार्थना व्हरांड्यात, दाराच्या कवाडामागे, भिंतीला तोंड करून करत आले होते. समोर पावसाच्या पाण्याचा पाइप आणि त्यावर एक पाल. पाल त्यांच्या चांगल्या ओळखीची झाली होती.

“म्हणजे बघितलं नाहीच,” काकू म्हणाल्या आणि देठं कचऱ्यात टाकली. “येत्या रविवारी दार मी धरते. तुम्ही बसा जावयांच्या जागेवर.”

“दारकरी काय शेवटच्या बाकावर बसतो?”

“मग राहा पालीबरोबर.”

रविवारी काका शेवटच्या बाकावर बसले. तीन जणांनी तब्येत विचारली. एकाने तर नाडी बघितली. काकांनी सगळ्यांना गप्प केलं आणि ठरवल्याप्रमाणे, आपण इथे पहिल्यांदाच आलोय, असं समजून ऐकायला सुरुवात केली. खिशात कोरी पुडी होती. एखाद्या नव्या माणसाला कळणार नाही असा शब्द आला, की त्यावर लिहायचा. अर्ध्या तासात पुडीच्या दोन्ही बाजू भरल्या. बाईंच्या पहिल्याच वाक्यात पाच होते. डॉक्टरांचं अक्षर बरं, असं काकांना वाटून गेलं.

मग टक टक. “आता मागचं.”

आपल्याला सगळं माहीत आहे, हे काकांना माहीत होतं. समोरच्या प्रत्येकाला ते नखशिखान्त ओळखत होते. कुणाची साखर किती, कुणाचा रक्तदाब किती, कुणाला बद्धकोष्ठ. तरीही ते सगळे एकदम उठले, वळले आणि दीडशे मिटल्या डोळ्यांचे चेहरे त्यांच्यावर येऊन थांबले, तेव्हा काका बाकावर आपोआप मागे सरकले. मागे दार उघडलं, मानेवर वारा आला. समोर पहिल्याच रांगेत गायनमास्तर, भुवया आक्रसून, मनापासून, दोन्ही हात पुढे. जणू म्हणताहेत, उठा.

पुडीकाका अर्धे उठले. खरोखरच उठले. मग बाकाची कड धरून परत बसले, आणि सगळी प्रार्थना संपेपर्यंत त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, की पोरगा बिचारा “बरं, बरं” म्हणून गेला. आपण असतो तर चप्पल विसरून पळालो असतो.

तिसऱ्या प्रार्थनेला, म्हणजे चहाला, त्यांनी बाईंपुढे विषय काढला. नव्या माणसाला दारातच एक कागद द्यावा. त्यात काय काय होतं ते साध्या भाषेत लिहावं. गायनमास्तरांचा चहा ठसक्यात गेला. गायनमास्तर म्हणजे गाणी शिकवणारे; आवाज गोड आणि बाकी सगळं कडक.

“पुडी देणार? प्रार्थनेची?” ते म्हणाले. “उद्या म्हणाल, दिवसातून दोनदा, जेवणानंतर!”

आजूबाजूचे खो खो हसले. काकाही हसले, कारण वाक्य चांगलं होतं.

“मास्तर, आपल्याला शब्द पाठ आहेत. पण बाहेरच्याला…”

“येईल ना कळत हळूहळू. आपल्याला कुणी शिकवलं? बसत बसत आलं. आणि डोळे मिटलेले असतात हो आपले, आपण कुठे कुणाकडे बघतो?”

“म्हणून तर जास्त भीती वाटते,” काका म्हणाले. मग कप ठेवून ते बाईंकडे वळले. “बाई, पाच मिनिटं शेवटच्या बाकावर बसता का?”

बाई बसल्या. काकांनी चहा पिणाऱ्या तीसेक जणांना पुढे नेऊन बसवलं, आणि टेबलावर स्वतः दोन टिचक्या मारल्या. तीस जण उठले, वळले, हात पुढे. काही हातांत बिस्किटं होती. काकूंनी दार उघडलं.

बाईंनी पदर नीट केला. “छत्तीस वर्षं मी मुलांना वर्गापुढे उभं केलंय,” त्या हळूच म्हणाल्या. “समोरून कसं दिसतं ते आज कळलं. पुडीवाले, लिहा तुमचा कागद. पण ‘मागचं’ बंद करायचं नाही.”

“बंद कशाला? ते तर फार चांगलं आहे,” काका म्हणाले. “फक्त ते कुणासाठी आहे, हे नव्या माणसाला माहीत नाही एवढंच.”

गायनमास्तरांनी बिस्किट खाऊन टाकलं. तो होकार धरायचा की कसं, हे कुणी विचारलं नाही.

कागद लिहायला काका बसले आणि तिथेच अडकले. सात पुड्या फाडल्या. ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ असं लिहिलं की पुढे काही सुचेना. ‘विहीर म्हणजे अंतर्मुख शांतता’ असं लिहिलं तर काकू म्हणाल्या, आता दोन शब्द कळत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, ज्याच्यासाठी लिहायचं तो एकच वाचक डोळ्यांसमोर होता. शेवटी गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून काका त्याच वाचकाला गाठायला निघाले.

जावई एका चार मजली इमारतीत होते. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत एक बाई. जावई तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारापाशी गुडघ्यांवर बसले होते. सासऱ्यांना जिन्यात बघून त्यांनी फक्त हाताने खूण केली, थांबा. आणि दाराला तोंड लावून बोलायला लागले.

“ताई, मी बाहेरच आहे. तुमचं बोलणं मला ऐकू येतंय. आत हवा येते, ती बंद होत नाही. आता मी वर जाऊन एक चाक हाताने फिरवणार. खड खड असा मोठा आवाज होईल आणि लिफ्ट जरा खाली जाईल. पडणार नाही. मीच नेतोय तिला. समजलं? आवाज झाला की समजायचं, काम सुरू झालं.”

“बरं, भाऊ,” आतून बारीक आवाज आला.

खड खड झालं. लिफ्ट खाली गेली. दार उघडलं आणि बाई भाजीची पिशवी सांभाळत बाहेर आल्या, जिन्यातून वर बघत जावयांना म्हणाल्या, “चहाला या हो,” आणि गेल्या.

जावई हात पुसत खाली आले. “बोला, काका.” लग्नाआधी ते बोट चिरलं म्हणून खिडकीवर यायचे, तेव्हापासूनचं ‘काका’ अजून तसंच होतं.

काकांनी बोलायला वाटेत सुंदर भाषण तयार केलं होतं. ते जिन्यातच राहिलं. “जावईबापू, माझं चुकलं,” ते म्हणाले. “त्या दिवशी दार मी उघडलं होतं. तुम्हाला घालवायला नाही. पण हे आधी सांगायला पाहिजे होतं, ते सांगितलं नाही.”

जावई पायरीवर बसले. काकाही बसले. मग काकांनी ‘मागचं’ म्हणजे काय ते सांगितलं. कुणासाठी, कशासाठी, आणि आपण स्वतः त्या बाकावरून कसे अर्धे उठलो तेही. जावयांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“तुम्ही उठलात?”

“अर्धा.”

“मी पूर्ण उठलो. चप्पल उलटसुलट घातली आणि कोपऱ्यापर्यंत तशीच चाललो.” ते थोडं हसले. मग हसू ओसरलं. “काका, मला वाटलं, तिच्याशी लग्न केलं म्हणून…”

“नाही हो.”

“हं.”

काकांनी खिशातली आठवी पुडी काढली. “लिहितोय. जमत नाही. तुम्ही अडकलेल्या माणसाला इतकं सरळ कसं सांगता?”

“त्यात काय? आवाज व्हायच्या आधी सांगायचं. झाल्यावर सांगून उपयोग नाही, तोवर माणूस घाबरलेला असतो.” जावयांनी पुडी घेतली, कानावरची पेन्सिल काढली. “हे काय? ‘सहर्ष स्वागत’? हे काढा. ते लिहून कळत नसतं.” रेघ. “‘अंतर्मुख’ काढा. ‘दहा मिनिटं कुणी बोलत नाही. तुम्हाला काही करायचं नाही. नुसतं बसा.’ असं लिहा.” रेघ. “आणि हे नाहीच की यात.”

“काय?”

“बाहेर कसं पडायचं. लिफ्टमधल्या माणसाला सगळ्यांत आधी तेच हवं असतं. पहिलीच ओळ लिहा : ‘केव्हाही उठून जाता येतं. कुणी रागावत नाही.’ एकदा हे कळलं ना, काका, की माणूस मग निवांत बसतो.”

काकांनी पुडीकडे बघितलं. एकतीस वर्षांच्या धंद्यात आपली पुडी दुसऱ्या कुणी दुरुस्त करावी, ही पहिलीच वेळ. राग यायला हवा होता. पण दुरुस्ती चोख होती.

“मग याल?” त्यांनी विचारलं.

“असं म्हटलं नाही मी,” जावई म्हणाले आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

पुडी छापून आली. गायनमास्तरांनी ती नाकासमोर धरून तीनदा वाचली, आणि ‘गाणं येत नसेल तर गुणगुणलं तरी चालतं’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे मात्र बेसूर गुणगुणणाऱ्यांना लागू नाही, असं घाला.” घातलं नाही. पहिल्याच रविवारी सायकलवाल्याची बहीण आली, पुडी वाचून शेवटच्या बाकावर बसली, आणि ‘मागचं’ झालं तेव्हा जागेवरून हलली नाही. चहाला थांबली. पुढच्या रविवारी भावाला घेऊन आली. काकांना आनंद झाला, पण नजर बोळाच्या तोंडाकडेच. शंभरातले नव्वद दिवस संपले. ब्याण्णव. त्र्याण्णव. काकूसुद्धा चिडवायचं विसरल्या.

पंच्याण्णवाव्या दिवशी, रविवारी, प्रार्थनेला पाऊण तास असताना काका दार झाडायला आले, तर दारापाशी स्टूल, स्टुलावर जावई, तोंडात दोन स्क्रू. खाली सावलीत लेक, मांडीवर बाळ.

“काका,” स्क्रू तोंडातून काढून जावई म्हणाले, “हे कवाड तुम्ही सव्वीस वर्षं पाठीने धरता?”

“हो. का?”

“याला भिंतीवर एक आकडा लागतो. एवढासा.” त्यांनी बोटाएवढा लोखंडी आकडा दाखवला. “सव्वीस वर्षांत कुणाला सुचलं नाही?”

लेक तोंडाला पदर लावून हसत होती. काका नुसतेच आकड्याकडे आणि पाइपावरच्या पालीकडे आळीपाळीने बघत राहिले.

मंडळी जमली. उंबऱ्याशी लेकीने बाळ पुढे केलं. पण ते आधी जावयांनी घेतलं, हात पुसून, आणि स्वतः काकांच्या हातांत दिलं. “हं, धरा. मान सैल असते अजून, मागून हात द्या. आणि आत गेल्यावर जरा हलवत राहा, नाहीतर रडेल. आवाज व्हायच्या आधी सांगतोय.”

सत्तावन्न मुलं आत नेलेल्या माणसाने निमूट मान डोलावली आणि अठ्ठावन्नावं मूल उंबऱ्यावरून आत नेलं. बाळाने त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर लगेच दूध ओकलं.

लेक गाणाऱ्यांत जाऊन उभी राहिली. मास्तरांनी न बोलता सरकून जागा केली. जावई मात्र आत आले नाहीत. “मी इथेच बरा. नव्या आकड्यावर पहिल्या दिवशी विश्वास ठेवायचा नसतो,” असं म्हणून ते व्हरांड्यात उभे राहिले. काकांनी आग्रह केला नाही. पुडीतच लिहिलं होतं, कुणी रागावत नाही.

टक टक. “आता मागचं.”

दार उघडलं, आकड्यात अडकलं, आणि अडकून राहिलं. दीडशे माणसं उठली, वळली, डोळे मिटून हात पुढे केले. शेवटच्या बाकाशी, बाळ घेऊन, पुडीकाकाही वळले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आत राहून बाहेर बघत. उघड्या दाराच्या बरोब्बर मधोमध जावई उभे होते, हातात स्क्रू ड्रायव्हर, समोर दीडशे चेहरे. या वेळी ते गेले नाहीत. एकेक चेहरा निवांत न्याहाळत राहिले. डोळे मिटलेल्या माणसांकडे बघायला कुणाची चोरी नव्हती.

काकांनीही डोळे मिटायला हवे होते. दारकऱ्याने तरी. पण त्यांनी एक डोळा किलकिला करून बाहेर बघितलं, आणि नेमकी नजरानजर झाली.

जावयांनी कपाळाला आठी घातली, बोट स्वतःच्या मानेमागे नेलं आणि दोनदा टेकवलं.

काकांनी घाईघाईने बाळाच्या मानेखालचा हात नीट केला, आणि मग डोळे मिटले.